मूठभर गूळ, चिमूटभर मीठ आणि ज्ञानाची मक्तेदारी

मूल दगावलं की आपल्याकडे उत्तर तयार असतं : सटवाईने पाचवीच्या रात्री कपाळावर तेवढंच आयुष्य लिहिलं होतं. हे उत्तर व्यवस्थेच्या सोयीचं आहे. पाणी घाण का होतं, दवाखाना लांब का होता, आईपर्यंत माहिती का पोचली नव्हती, हे प्रश्न मग कोणी विचारत नाही. इतिहास मात्र वेगळंच सांगतो.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. तेव्हाचा रूढ उपचार म्हणजे शिरेतून सलाईन. सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खायचा सोडा मिसळून ते रुग्णांना पाजायला लावलं. पाजणारे कोण? रुग्णांचेच नातेवाईक! साखर सोबत असली की आतडं मीठ आणि पाणी शोषून घेतं, हे विज्ञान आधीच सिद्ध झालेलं होतं. महालनोबिस यांनी ते छावणीतल्या चिखलात वापरून दाखवलं. सुमारे ३० टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं.

तरीही अनेक डॉक्टरांना हे पटायला वेळ लागला. सुई आणि बाटलीशिवाय, अडाणी समजल्या गेलेल्या माणसाच्या हातून जीव वाचतो, हे मानणं जड जातंच.

पुढचं पाऊल बांगलादेशात पडलं. १९८० पासून ‘ब्रॅक’ या संस्थेच्या महिला कार्यकर्त्या घरोघरी गेल्या. अर्धा शेर पाणी, मूठभर गूळ, तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं मीठ, एवढंच त्यांनी आयांना शिकवलं. दहा वर्षांत एक कोटीहून जास्त घरं झाली. विशेष म्हणजे, आईच्या किती लक्षात राहिलं ते तपासून कार्यकर्तीचा मोबदला ठरे. म्हणजे आई विसरली, तर दोष शिकवणारीचा! आपल्याकडे मात्र शतकानुशतकं शिकूही दिलं नाही आणि वर अडाणी म्हणून हिणवलं.

नुसत्या ज्ञानाने भागत नाही, हक्कही लागतो. बाबासाहेबांनी स्वतः चार लेकरं गमावली होती. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी बाळंतिणीची विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब मानली आणि त्या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, असं मांडलं. कोणाच्या दयेवर त्यांनी ते सोडलं नाही.

१९९० साली जगात पाच वर्षांखालची सुमारे सव्वा कोटी मुलं मेली. २०२२ मध्ये हा आकडा ५० लाखांच्या खाली आला. या काळात सटवाईने काही हस्ताक्षर बदललेलं नाही! बदल घडवला तो लसींनी, स्वच्छ पाण्याने, पोषणाने, शिकलेल्या आयांनी आणि मीठ-साखरेच्या पाण्याने.

आणि उरलेली मुलं? ती बहुतांशी गरिबांचीच आहेत. जुलाबाने आजही लाखो मुलं जातात, उपाय माहीत असताना जातात. चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी १९२७ साली ज्यांना लढावं लागलं, त्यांना यातलं राजकारण समजावून सांगायची गरज नाही. मूल मेलं तर कपाळ बघू नका. नळ बघा, अंगणवाडी बघा, आरोग्य केंद्राचं कुलूप बघा आणि जाब विचारा.

जय भीम!