वऱ्हाडचा कापूस आणि जागतिक बाजारपेठ : किंमत-जोखमीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी वसलेले कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर व प्राचीन विदर्भाची राजधानी म्हणून परंपरेने प्रसिद्ध आहे. डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी केलेल्या उत्खननामुळे या स्थळाचे प्राचीनत्व पुरातत्त्वीयदृष्ट्याही स्पष्ट झाले. या परिसराचा आधुनिक आर्थिक इतिहासही तितकाच अभ्यसनीय आहे. येथील नदी ही निजामाचे वऱ्हाड आणि नागपूरकर भोसल्यांचा मुलूख यांमधील सीमा होती. २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. परिणामी दोन्ही काठांवरील कापसाची काळी जमीन एकाच सत्तेच्या हाती आली. जागतिक बाजारातील चढउतारांची जोखीम तेव्हापासून कोणी सोसली, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

तेजी, मंदी आणि दुष्काळ :
अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूसपुरवठा खंडित झाला व भारतीय कापसाचे भाव कडाडले. याच काळात वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पद्धत लागू करण्यात आली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, तर १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावच्या लोहमार्गाचे उद्घाटन झाले. परंतु युद्ध संपताच भाव कोसळले होते. सारा व सावकाराचे देणे मात्र कायम होते. १८६६ मध्ये अटलांटिकपार तारसेवा स्थिरावल्यानंतर लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांनी वायदेबाजार विकसित करून आपली जोखीम कमी केली. उत्पादकास असे कोणतेही साधन उपलब्ध नव्हते.

१८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत या व्यवस्थेचे परिणाम प्रकर्षाने दिसून आले. लक्ष्मण सत्या यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात वऱ्हाडातील कापूस व दुष्काळ यांचा परस्परसंबंध तपासला आहे. अन्न मिळविण्याची क्षमता नष्ट झाल्यानेही उपासमार होते, हे अमर्त्य सेन यांचे १९८१ मधील प्रतिपादनही येथे मार्गदर्शक ठरते.

संरक्षणाचे प्रयत्न :
स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्र शासनाने १९७१ च्या कायद्यान्वये कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. भावाची जोखीम शासनाने स्वीकारण्याचा हा महत्त्वपूर्ण प्रयत्न होता. तथापि वाढता तोटा व चुकाऱ्यांतील विलंब यांमुळे ती दुर्बल झाली आणि नव्या शतकाच्या प्रारंभी खासगी खरेदीस पुन्हा वाव मिळाला.

२००२ मध्ये अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. निर्णय ब्राझीलच्या बाजूने लागला. २०१४ च्या तडजोडीने ब्राझीलला ३० कोटी डॉलर मिळाले. अनुदानांमुळे दबलेल्या भावाची झळ वऱ्हाडलाही बसत होती. या तडजोडीत मात्र त्याला स्थान नव्हते. २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी केंद्राने ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात व्याजमाफी व सिंचन यांवर भर होता. किंमत-जोखमीचा मूळ प्रश्न शिल्लक राहिला.

२०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लादले. वस्त्रोद्योगास दिलासा म्हणून भारताने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून स्थगित केले. ही सवलत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. वऱ्हाडात नवा कापूस बाजारात येतो, तो नेमका याच काळात.

निष्कर्ष :
गिरणीमालक व व्यापारी माल साठवून ठेवू शकतात. कोरडवाहू शेतकऱ्यास मात्र देणी भागविण्यासाठी वेचणीनंतर लगेच विक्री करावी लागते. त्यामुळे वार्षिक सरासरी भाव समाधानकारक असला, तरी शेतकऱ्यास मिळालेला भाव तसा असेलच असे नाही. जागतिक व्यापारधोरणाचे मूल्यमापन करताना अर्थशास्त्रीय संशोधनाने विक्रीच्या आठवड्यांतील भाव हा निकष मानला पाहिजे. तसेच आयातशुल्कात सवलत देताना वेचणीचा हंगाम विचारात घेऊन भावफरकाची भरपाई त्याच निर्णयाचा भाग असावयास हवी. अन्यथा उद्योगास दिलेल्या दिलाशाची किंमत वर्धाकाठचा उत्पादकच मोजत राहील.