इंजिनाचा श्वास आणि प्रवाहाविरुद्ध चढणारी नाव

श्रोतेहो, लोहाराच्या भट्टीपुढे तुम्ही केव्हा तरी उभे राहिला असालच. कोळसा तोच, भट्टी तीच. पण भाता नीट चालला म्हणजे लोखंड लालबुंद होते, आणि भाता फाटला की कितीही कोळसा घाला, नुसता धूर! इंजिनाचेही असेच आहे. इंजिन विकत घेताना आपण विचारतो, "तेल किती खातं?" हवा किती खातं, हे कोणी विचारीत नाही. वास्तविक १ किलो पेट्रोल नीट जळावयाला सुमारे १५ किलो हवा लागते. म्हणजे इंजिनाचा खरा आहार तेलाचा नव्हे, हवेचा.

माझ्या मामांच्या मळ्यात, नदीकाठच्या पत्र्याच्या खोलीत डिझेलचे एक इंजिन होते. सकाळी झकास चालायचे. दुपारी मात्र काळा धूर ओकायचे आणि पाणी निम्म्या पाटालाही पोचायचे नाही. मामा नवे, मोठे इंजिन घ्यायला निघाले होते. गावचा मिस्त्री म्हणाला, "थांबा, याला दम लागलाय. आपलीच ऊब आणि आपलाच धूर पुन्हा गिळतंय ते." त्याने भिंतीला भोक पाडले, हवेच्या नळीचे तोंड बाहेर सावलीत काढले आणि हवा गाळणारी जाळी धुतली. दुसऱ्या दिवशी दुपारीही पाणी पाटभर वाहू लागले. नवे इंजिन घ्यावे लागले नाही.

जेट बोटींचा इतिहास वाचताना मला हा मिस्त्री पुन्हा पुन्हा आठवला.

जेट बोट म्हटले की विमान डोळ्यांपुढे येते. पण तसे काही नाही. जेट बोट म्हणजे पंपावर चालणारी नाव. तिच्या बुडाला जाळी बसवलेले एक तोंड असते. तेथून पाणी आत ओढायचे, इंजिनाने पंप फिरवायचा आणि मागल्या बाजूने ते पाणी जोराने बाहेर फेकायचे. झोत मागे, नाव पुढे! खाली पंखा लोंबत नसल्याने दगडगोट्यांच्या उथळ नदीतही ती जाते.

ही कल्पना जुनी आहे. १६६१ साली इंग्लंडात टूगुड आणि हेज या दोघांनी अशा युक्तीचे पेटंट घेतले. १७८७ साली अमेरिकेत जेम्स रम्सी याने पोटोमॅक नदीत वाफेच्या पंपावर नाव चालवून दाखवली. १८६६ साली ब्रिटिश आरमाराने 'वॉटरविच' नावाची झोतावर चालणारी युद्धनौकाही बांधून पाहिली. परंतु पंख्याच्या बोटींपुढे या नावा टिकल्या नाहीत. पुष्कळशी शक्ती वाटेतच वाया जात असे.

हे कोडे व्यवहारात सुटले ते न्यूझीलंडच्या एका मेंढपाळ शेतकऱ्याच्या हातून. विल्यम हॅमिल्टन हे त्याचे नाव, जन्म १८९९चा. १९२१ साली त्याने आयरिशमन क्रीक नावाचे कुरण घेतले, तेथेच कारखाना घातला आणि माती उकरणारी यंत्रे बनवली. मोटारींच्या शर्यतींचाही त्याला नाद होता. त्याच्या भागातल्या नद्या उथळ, वेगवान, अनेक धारांत फुटलेल्या. १९५०नंतरच्या काही वर्षांत त्याने अमेरिकन धर्तीचा पंप बोटीला बसवून पाहिला. झोत बोटीच्या बुडाखाली सुटत होता. बोट रडतखडत चाले. मग झोताचे तोंड पाण्याच्या पातळीच्या वर, मागच्या फळीला आणले. इंजिन तेच, तेल तेच. बोट मात्र कितीतरी वेगाने धावू लागली! मोठेपण नव्या शोधात नव्हते, अडथळा काढण्यात होते.

पाण्याच्या वाटेतला अडथळा असा निघाला. तसाच अडथळा हवेच्या वाटेतही असतो.

मोटार सपाट रस्त्यावर चालताना इंजिनाची थोडीशीच शक्ती वापरते. धावत्या पाण्याविरुद्ध चढणारी जेट बोट म्हणजे अखंड घाट चढणारी बैलगाडी. तिला सपाटी नाही. शिवाय पाणी उडू नये म्हणून इंजिन पेटीत बंद केलेले असते. मामांच्या पत्र्याच्या खोलीसारखीच ही पेटी तापते. बाहेर ३० अंश आणि पेटीत ६० अंश सेल्सिअस उष्णता असली, तर तेवढ्याच जागेत मावणारी हवा वजनाने सुमारे ९ टक्के कमी भरते. श्वास तेवढाच घेतला, पण त्यात कस कमी!

शिक्षक मित्रांनी पुढचा हिशोब फळ्यावर मांडून दाखवावा. पंपाचे फेरे दुप्पट करावयाचे, तर शक्ती दुप्पट नव्हे, आठपट लागते. उलट शक्ती १० टक्के घटली, तर फेरे सुमारे साडेतीन टक्के आणि झोताचा रेटा सुमारे ७ टक्के घटतो. तळ्यात ७ टक्क्यांना कोण विचारतो? पण धबाबा येणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी बोट जेमतेम तग धरून असते, तेव्हा तेवढाच फरक निकाल लावतो. वेग पडला की पाण्यावर तरंगत घसरणारी बोट खाली बसते आणि बूड दगडाला लागते.

उपाय साधे आहेत. हवेची नळी पेटीबाहेर काढायची. तिचे तोंड उंच आणि मागे वळलेले ठेवायचे, म्हणजे तुषार आत जात नाहीत. नळी रुंद असावी, वळणे कमी असावीत. मात्र दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली, पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरात शिरले तर आतला दांडा वाकतो. दुसरी, पेट्रोलच्या बोटीत कार्ब्युरेटरच्या तोंडावर ज्वाळा अडवणारी जाळी असते. हवा अडते म्हणून काही उतावळे ती काढून टाकतात. इंजिनाने उलटा भडका मारला आणि पेटीत पेट्रोलची वाफ साठलेली असली, तर बोट पेटते. जाळी धुवावी; काढू नये. आणि हेही खरे, की या उपायांनी नवी शक्ती जन्मत नाही. गमावलेली तेवढी परत मिळते.

अशा गमावलेल्या शक्तीचे मोल कोठे कळते? १९६० साली हॅमिल्टनच्या जेट बोटी अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. सुकाणूवर त्याचा मुलगा जॉन होता. त्या दरीत उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. १५ अंशांच्या हवेच्या मानाने ४५ अंशांची हवा जवळजवळ दहावा हिस्सा विरळ असते. घरच्या थंड नदीत पुरणारे इंजिन तेथे कसाला लागते.

पुढची कसोटी आपल्या गंगेत झाली. १९५३ साली तेनसिंगांबरोबर एव्हरेस्टवर पोचलेले एडमंड हिलरी १९७७ साली 'गंगा', 'एअर इंडिया' आणि 'किवी' या तीन जेट बोटी घेऊन गंगासागराहून निघाले. बरोबर आपले कॅप्टन मोहनसिंग कोहलीही होते. वर जावे तसे पाणी अधिक खवळलेले आणि हवा अधिक विरळ. सुमारे १,३०० मीटर उंचीवर हवा समुद्रकाठापेक्षा आठव्या हिश्शाने हलकी असते. म्हणजे जेथे ताकद सर्वांत जास्त हवी, तेथेच श्वास सर्वांत कमी! अशा उंचीवर तेलही बेताने सोडावे लागते. नाही तर मामांच्या इंजिनासारखा काळा धूर. नंदप्रयागाजवळ अखेर एका धबधब्याने बोटी अडवल्या. तेथपर्यंत मात्र त्या पोचल्या.

पुढे मंडळी पायी डोंगरावर गेली. तेथे विरळ हवेने खुद्द हिलरींनाच आजारी पाडले. त्यांना खाली आणावे लागले. एव्हरेस्ट चढताना त्यांच्या पाठीवर प्राणवायूची नळकांडी होती, हे येथे आठवावे. माणूस काय, यंत्र काय, छाती कितीही मोठी असो, श्वास मिळाला नाही तर ती व्यर्थ आहे.

तेव्हा श्रोतेहो, तुमचे इंजिन दमू लागले तर नव्या इंजिनासाठी कर्ज काढण्यापूर्वी एकदा त्याच्या खोलीत दुपारी जाऊन उभे राहा. तुमचा जीव तेथे गुदमरत असेल, तर त्याचाही गुदमरत असणार. आधी भिंतीला भोक पाडा. मग पुढचा विचार.