कहोओलावे चळवळ

कहोओलावे चळवळ ही हवाई द्वीपसमूहातील कहोओलावे या बेटावर अमेरिकी नौदलाकडून होणारा बाँबमारा थांबवण्यासाठी आणि बेट परत मिळवण्यासाठी मूलनिवासी हवाईयन समाजाने १९७६ साली सुरू केलेली चळवळ आहे. तिचे नेतृत्व 'प्रोटेक्ट कहोओलावे ओहाना' या संघटनेने केले. हवाईयन भाषेत 'ओहाना' म्हणजे विस्तारित कुटुंब.

पार्श्वभूमी

सुमारे ११६ चौ. किमी क्षेत्रफळाचे हे बेट माउई बेटाच्या नैर्ऋत्येस आहे. समुद्रदेवता कनालोआ हिचे नाव या बेटास होते. बेटाच्या पश्चिमेकडील सागरी मार्गाला 'केअलाइकाहिकी', म्हणजे ताहितीची वाट, असे म्हणतात. १८९३ मध्ये हवाईची राजसत्ता उलथवण्यात आली व १८९८ मध्ये अमेरिकेने हा प्रदेश आपल्यात विलीन केला. बाहेरून आणलेल्या शेळ्यामेंढ्यांनी व गुरांनी बेटावरील वनस्पती तोवर बऱ्याच अंशी नष्ट केल्या होत्या. १९४१ मधील पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर तेथे लष्करी सराव सुरू झाला आणि १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या आदेशाने बेट नौदलाच्या ताब्यात गेले. १९६५ मधील प्रत्येकी ५०० टन टीएनटीच्या स्फोटांचा खड्डा आजही दिसतो.

बेटावर प्रवेश

जानेवारी १९७६ मध्ये नऊ जण बंदी मोडून बेटावर उतरले. मूळ हेतू मूलनिवासींच्या नुकसानभरपाईच्या मागणीकडे देशाचे लक्ष वेधणे हा होता. मात्र डॉ. एमेट अलुली व वॉल्टर रिट्टे हे दोघे मागे राहिले आणि बेटाची दुरवस्था पाहिल्यावर भरपाईपेक्षा भूमीचा प्रश्न पुढे आला. ज्येष्ठांकडून जुनी माहिती गोळा करताना 'अलोहा आइना', म्हणजे भूमीवरील प्रेम, ही संकल्पना चळवळीचा आधार बनली. मार्च १९७७ मध्ये गायक व नेते जॉर्ज हेल्म आणि किमो मिचेल हे बेटाजवळच्या समुद्रात बेपत्ता झाले. ते पुन्हा सापडले नाहीत.

उपचार आणि एकजूट

संघटनेने १९७६ मध्ये दाखल केलेल्या खटल्यात १९८० साली तडजोड झाली. तिच्यामुळे वर्षातील दहा महिने, दरमहा चार दिवस बेटावर जाण्याची मुभा मिळाली. बाँबमारा थांबला नव्हता. तरीही चळवळीला खरे बळ या भेटींनीच दिले. धक्का नसल्याने स्वयंसेवक पाण्यात रांग करून सामान हातोहात किनाऱ्यावर पोहोचवत. लोनो देवतेचा 'मकाहिकी' उत्सव १९८२ पासून पुन्हा साजरा होऊ लागला. उजाड बेटासाठी पाऊस मागणे हा त्याचा एक भाग होता. मोलोकाई बेटावर वैद्यकीय सेवा देणारे अलुली भूमीचे आरोग्य आणि लोकांचे आरोग्य एकच मानत. अण्वस्त्रमुक्त व स्वतंत्र पॅसिफिकच्या चळवळीशीही संघटनेने नाते जोडले. बहुराष्ट्रीय नौदल सरावात परदेशी युद्धनौकांनी बेटावर मारा करू नये, यासाठी तिने इतर देशांतील समर्थकांकडून त्यांच्या सरकारांवर दबाव आणवला.

परतावा

२२ ऑक्टोबर १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी बाँबमारा थांबवला. १९९३ मध्ये सफाईसाठी ४० कोटी डॉलरांची तरतूद झाली व ७ मे १९९४ रोजी बेट हवाई राज्याला मिळाले. २००४ मध्ये नौदलाने काम संपवले तेव्हा सुमारे एक चतुर्थांश भागाची सफाई झालेलीच नव्हती. राज्याच्या कायद्यानुसार बेटाचा व्यापारी वापर निषिद्ध आहे. भविष्यात मान्यता मिळणाऱ्या सार्वभौम हवाईयन संस्थेकडे ते सोपवायचे आहे. अशी संस्था अद्याप स्थापन झालेली नसल्याने राज्य सरकार विश्वस्त म्हणून त्याचा कारभार पाहते.