नकाशावरचे सात विभाग

हंगेरींतील जिल्ह्यांची परंपरा सुमारें हजार वर्षांची, पहिला राजा स्टीफन याच्यापासून चालत आलेली आहे. सम्राट दुसरा जोसेफ यानें १७८५ सालीं जिल्ह्यांवर दहा मोठे विभाग लादले. १७९० सालीं तोच हुकूम मागें घ्यावा लागला. अशा देशानें दोन शतकांनंतर पुन्हा विभाग पाडले, तेव्हां त्यामागची प्रेरणा बुडापेस्टची नव्हती, ब्रुसेल्सची होती.

मागासलेल्या प्रदेशांना वर आणण्याचा संकल्प १९५७ च्या रोम तहाच्या प्रस्तावनेंतच आहे. त्यासाठीं १९७५ सालीं विकासनिधि स्थापन झाला. १९८८ च्या सुधारणेनें त्या पैशामागोमाग एक तत्त्व आलें: राजधानीनें एकटीनें योजना न आंखतां स्थानिक संस्थांस भागीदार करावें. संघांत शिरूं पाहणाऱ्या हंगेरीनें त्याची तयारी आधींच चालविली. १९९६ सालीं प्रादेशिक विकासाचा कायदा झाला, १९९८ सालीं एकोणीस जिल्हे व राजधानी यांचे सात विभाग ठरले आणि १९९९ सालीं प्रत्येक विभागास विकासमंडळ सक्तीचें झालें.

येथवर ब्रुसेल्सचा शब्द चालला. पण २००४ सालीं हंगेरी संघाचा सभासद होण्याच्या सुमारास नवलच घडलें. एवढा पैसा हाताळण्याचें सामर्थ्य या नव्या मंडळांत आहे काय, अशी शंका खुद्द ब्रुसेल्सच्या आयोगासच आली. आणि २००६ अखेरपर्यंत सर्व विभागांसाठीं मिळून राजधानींतून चालणारी एकच योजना राहिली. २००७ पासून सात योजना झाल्या खऱ्या, तरी तिजोरीच्या किल्ल्या मध्यवर्ती सरकारच्याच कमरेला होत्या.

मंडळें लोकांनीं निवडलेलीं नव्हतीं. २०१० सालीं दोन-तृतीयांश बहुमताचें सरकार आलें, आणि २०१२ च्या आरंभीं तीं रद्द होऊन त्यांचें काम जिल्हासभांकडे गेलें. संघाच्या कायद्यास विभाग लागतात ते आंकडेवारीसाठीं आणि निधीच्या वांटणीसाठीं. तेथें कारभार कोणीं करावा, हें ज्या त्या राष्ट्रानें ठरवावयाचें. त्यामुळें हे विभाग कागदावर शिल्लक राहिले; २०१८ पासून बुडापेस्ट वेगळें धरल्यानें ते आठही झाले.

उमेदवार दाराशीं उभा असतो तोंपर्यंत संघाचा धाक मोठा. उंबरठा ओलांडला कीं तो ओसरतो. निधीच्या बळावर संस्था उभी करतां येते, पण तिच्यासाठीं भांडणारीं माणसें निधींतून मिळत नाहींत. जोसेफाच्या हुकुमाला तीं मिळालीं नव्हतीं. ब्रुसेल्सच्या पैशालाही मिळालीं नाहींत. मात्र यांत खरी हानि झाली ती पूर्वेकडील गरीब मुलखाची. राजधानीशीं बरोबरीनें बोलूं शकेल असें मोठें व्यासपीठ त्याला मिळूं पाहत होतें, तें मूळ धरण्याआधींच मोडलें.