लूना ते ई-लूना, व्हाया मानखुर्द

परवा भाच्याने बॉम्ब टाकला, "मामा, बॅटरीवाली स्कूटर घेऊ? लायसन्स नको, नंबरप्लेट नको, हेल्मेटपण नको!" वय वर्षे 16. मी चाट!

आमच्या मानखुर्दच्या घरातली पहिली गाडी म्हणजे बाबांची लूना. कायनेटिकने 1972 साली इटलीच्या 'चाओ'वरून बेतलेली मोपेड. पेट्रोल संपलं की चक्क पॅडल मारायचं! तिच्यावरून बाबा वाशीच्या खाडीपुलावर जायचे. शेजारून ट्रक गेला की मागे बसलेला मी डोळे मिटायचो.

1988 च्या मोटार वाहन कायद्याने सोळाव्या वर्षी 50 सीसीपर्यंतच्या गाडीला परवानगी दिली, पण लायसन्स काढूनच. विजेच्या गाड्यांना पुढे आणखी मोठी सूट मिळाली. मोटर 250 वॉटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किमीपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत... तर ती कायद्याने मोटार वाहनच नव्हे! 2024 साली आलेली ई-लूना ताशी 50 पर्यंत पळते, म्हणून तिला मात्र सगळे नियम लागू.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. ही 25 ची मर्यादा बहुतेक वेळा कंट्रोलरमधल्या सेटिंगवर असते. कोणी ती 'उघडून' दिली, की सूट संपली आणि गाडी बेकायदा!

आणि सायन-पनवेल हायवेवरच्या टँकरला वॉट कुठे दिसतात? भाच्याला सांगितलंय, स्कूटर घे, पण आधी हेल्मेट. कायदा मागत नसला तरी मामा मागतो.