तळटीप : चार औषधांना न जुमानणारा शिगेला

*रोख १९५०च्या दशकातल्या जपानकडे आहे. दूषित अन्नपाण्यातून रक्ती हगवण पसरवणाऱ्या शिगेलाचे काही वाण तिथे सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारही औषधांना एकदम दाद देईनासे झाले. चार वेगळी उत्परिवर्तने एकाच पेशीत जमून येणे जवळजवळ अशक्य. शिवाय अशा रुग्णांच्या आतड्यातला एरवी निरुपद्रवी ई. कोलायही तितकाच निर्ढावलेला सापडे. खरी खूण हीच होती. १९५९च्या सुमारास ओचिआई आणि अकिबा यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की दोन पेशी एकमेकींना चिकटल्या की हा प्रतिकार एकीतून दुसरीत जातो. त्याची जनुके मुख्य गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिड या सुट्या डीएनएवर असतात. देणारा-घेणारा एकाच जातीचा असावा लागत नाही, हे लेखकाने गाळले आहे. — संपा.