ऑटिझम : "बोलेल हळूहळू" म्हणत थांबू नका

"त्याचे अब्बाही उशिराच बोलले होते," असं घरातले मोठे म्हणतात आणि वर्ष निघून जातं. वर्षाचं बाळ नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचं होऊनही बोटाने काही दाखवत नसेल किंवा येत असलेले शब्द बोलणं बंद झालं असेल, तर कानांची तपासणी करा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पहिल्या काही वर्षांत मेंदू झपाट्याने घडतो. म्हणून या वयात स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपीचा उपयोग जास्त. पक्कं निदान होण्याआधीही ती सुरू करता येते. सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी मोफत होते. ऑटिझम ना नजर लागल्याने होतो, ना अम्मीच्या चुकीने. थेरपीने ऑटिझम जात नाही. पण मागणं, सांगणं, खेळणं मूल शिकतं.